पान सोवळं, फूल ओवळं

कबनुरात परराष्ट्र धोरण ठरतं ते पानपट्टीवर, मागाची पाळी सुटल्यावर. परवा तिथं पेपर वाचला जात होता. बँकॉकहून मुंबईला उतरलेल्या प्रवाशाच्या बॅगेत हायड्रोपोनिक गांजा सापडलेला.

"हायड्रो म्हंजे?"

"मातीबिगर, नुसत्या पाण्यावर वाढवलेला."

"मग पंचगंगेवर जमायचं न्हाई," जॉबर म्हणाला. "त्याला पाणी लागतंय."

थायलंडनं जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. आरोग्यमंत्र्यांनी तर १० लाख रोपं फुकट वाटायची घोषणा केली. आपल्याकडं वनमहोत्सवात वाटलेली रोपं फोटोपुरती जगतात. तिकडं पीक एवढं आलं की त्याला मुंबईचं विमान धरावं लागलं. जून २०२५ मध्ये तिथली आघाडी फुटली आणि गांजाच्या फुलाला डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची झाली. कागदाची सक्ती म्हणजे काय, ते आम्हाला विचारा. महाराष्ट्रात दारू प्यायलाही परवाना लागतो. पानपट्टीवर हे सांगितलं, तर दोघांना ठसका लागला.

शेजाऱ्याच्या कायद्याचा धडा पानपट्टीवाल्या मामांना बँकॉकहून घ्यावा लागत नाही. गोव्यात दारूवर कर कमी, म्हणून ती आंबोलीच्या घाटानं वर येते. गुटखा महाराष्ट्रानं २०१२ मध्ये बंद केला, कर्नाटकानं २०१३ मध्ये. तरी पलीकडून तो वेळेवर येतो. सीमाभागात दोन्ही राज्यांचं एवढं एकमत दुसऱ्या कशावरच नाही. आपल्या बंदीला वरचेवर मुदतवाढ द्यावी लागते. गुटख्याला ती कधी लागली नाही.

आणि दिल्ली? डिसेंबर २०२० मध्ये व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सगळ्यांत कडक यादीतून बाहेर काढलं. त्या २७ मध्ये आपण होतो. नेमक्या त्याच वर्षी मुंबईत कुणाच्या व्हॉट्सॲपमध्ये गांजाचा 'ग' सापडतो का, हे वाहिन्या रात्रंदिवस धुंडाळत होत्या. १९८५ चा आपला कायदाही तसा सोशिक. झाडाचा फुलोरा गांजा, पण नुसतं पान गांजा नव्हे. ते घोटून भांग केली की सणवार. एकाच झाडाला एवढं सोवळंओवळं आमच्या आजीनंही लावलं नसतं.

"मामा, तुमचं काय मत? उठवावी का बंदी?"

मामा प्लॅस्टिकच्या कागदात मावा घोळत होते. "उठवली तर आमचा दर पडंल की," ते म्हणाले.

तेवढ्यात रस्त्याकडेला पोलिसांची गाडी थांबली. मामांनी मावा गुडघ्याखाली सारला आणि बडीशेपेची बरणी पुढं ओढली.