प्रिय ग्राहक, आज रात्री साडेनऊ वाजता

‘प्रिय ग्राहक, मागील बिल अपडेट न झाल्याने आज रात्री ९.३० वाजता आपली वीज तोडण्यात येईल. त्वरित खालील अधिकाऱ्याशी संपर्क साधा.’

मेसेज वाचून मामांना गहिवरून आलं. “डीपी जळाली तर दोन दिवस वायरमन फिरकत नाही, आणि तोडायला रात्री साडेनऊला येणार? शिवाय मी ‘प्रिय’!”

उभी हयात सरकारी कचेरीत गेल्यामुळे मामांची कसोटी साधी आहे : खरं खातं घाई करत नाही आणि लाडात येत नाही. तासाभरात ‘अधिकाऱ्या’चाच फोन आला. हे ॲप घ्या, फक्त १० रुपये भरा, लगेच अपडेट होईल. त्या ॲपमधून तुमचा स्क्रीन त्याला दिसतो. १० रुपये भरताना तुम्ही टाइप केलेला पिन आणि आलेला ओटीपीही.

“नोटिशीचा जावक क्रमांक सांगा,” मामा म्हणाले.

“सर, नोटीस ऑनलाइन असते.”

“वीज कायदा २००३, कलम ५६. वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस. वाचलंयत?”

पलीकडून फोन कट.

मामी त्याहून कडक. व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’ नावाची एपीके फाइल आली, तर म्हणाल्या, “जेवायला बोलावणारा आधी ॲप बसवायला लावतो होय? राहू दे त्याचं लग्न.”

गंमत अशी, की सराईत थकबाकीदाराला असल्या मेसेजचं काही वाटत नाही. घाबरतो तो तारखेच्या आधी बिल भरणारा. ‘डिजिटल अरेस्ट’लाही असाच पापभीरू माणूस बळी पडतो. कायद्यात अशी अटकच नाही, पण व्हिडिओ कॉलवर खाकी दिसली की तो सावधान उभा राहतो. त्याला मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पैसे गेलेच, तर मात्र लाजत बसू नये. १९३० या सायबर हेल्पलाइनला तत्काळ फोन लावावा. घाई करायची ती तिथे, कारण पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता आले तरच उपयोग.

परवा मामांना बँकेचा केवायसीचा मेसेज आला. लिंकला हात न लावता ते फाइल घेऊन थेट शाखेत गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “काका, मेसेज आमचाच आहे. कशाला आलात उन्हाचे? घरबसल्या झालं असतं.”

मामांनी तिचं ओळखपत्र मागितलं.