आधी खाड्या मोजा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरोघरी कोकणच्या सहलीचा बेत शिजू लागतो. शुक्रवारी रात्री मुंबई सोडायची. शनिवारी अलिबाग, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर. रविवारी दापोली, गुहागर, गणपतीपुळे. सोमवारी आंबा घाट चढून कोल्हापूर आणि जमलं तर परतताना महाबळेश्वर. असा बेत आखणाऱ्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे: तुम्ही किलोमीटर मोजलेत, खाड्या मोजल्याच नाहीत. हा बेत पहिल्याच दिवशी दुपारी कोलमडणार. मग राग निघणार तो चालवणाऱ्यावर, मुलांवर आणि वाढायला उशीर झाला म्हणून खानावळवाल्या काकूंवर.

दोष त्या काकूंचा नाही, भूगोल न पाहता निघण्याचा आहे. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यात कोकणची चिंचोळी पट्टी आहे. कड्यावर कोसळलेला पाऊस आखूड, वेगवान नद्यांतून खाली येतो आणि समुद्राला मिळताना प्रत्येक नदी रुंद खाडी करून ठेवते. सावित्रीची बाणकोटला, वाशिष्ठीची दाभोळला, शास्त्रीची जयगडला. त्यामुळे किनाऱ्याने सरळ दक्षिणेला जायचं म्हटलं तर दर थोड्या अंतरावर रस्ता पाण्यापाशी येऊन थांबतो. एकतर फेरीबोट धरा, नाहीतर खाडीच्या कडेकडेने आत जाऊन पूल गाठा.

आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. कोकणचा किनारा गाडीने करणाऱ्याला या चार जोड्या पाठ हव्यात. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडचं धोपावे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. बोटीत दुचाक्या, टेम्पो, माशांच्या टोपल्या आणि तुमची गाडी एकमेकांना खेटून उभ्या राहतात आणि थोड्याच वेळात पलीकडचा धक्का लागतो. पण शेवटची फेरी चुकली, तर त्याच धोपाव्याला पोचायला खेड-चिपळूणचा वळसा पडतो. मोबाइलवरचा नकाशा धक्क्यावरची सुट्टीच्या दिवसाची रांग धरून वेळ सांगत नाही. तेव्हा फेरीची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि दिवसाचा बेत तिच्याभोवती बांधा. एका दिवसात एक खाडी. दोन म्हणजे धावपळ, तीन म्हणजे तुम्ही काहीच पाहिलं नाही.

दुसरी मोजायची गोष्ट भरती-ओहोटी. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तिचा हिशोब तोंडपाठ असतो, तो तुम्हीही शिका. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्या सुमाराला पूर्ण भरती, दिवसातून दोनदा. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास आणि उधाण सर्वांत मोठं. हा ढोबळ हिशोब आहे, पण बेत आखायला पुरतो. हरिहरेश्वरला देवळामागचा प्रदक्षिणेचा मार्ग खडकांवरून समुद्राला लागून जातो. ओहोटीला तो सुंदर आहे, भरतीला जीवघेणा. तिथे माणसं वाहून गेली आहेत. ‘आता आलोच आहोत तर’ म्हणून त्या खडकांवर उतरणं हा वेडेपणा आहे, आणि पोरांना घेऊन उतरणं हा गुन्हा आहे.

गाडी पुळणीवर घालणाऱ्यांना तर माझ्याकडे क्षमा नाही. पाणी चढायला लागलं की रुतलेलं चाक निघत नाही आणि मग गावातली माणसं दोर आणि ट्रॅक्टर घेऊन धावतात. पण प्रश्न तुमच्या गाडीपुरता नाही. ऑलिव्ह रिडले जातीची कासवं थंडीच्या महिन्यांत याच पुळणींवर, भरतीच्या रेषेच्या वर, वाळू उकरून अंडी घालतात. पिल्लं बाहेर पडायला दीड-पावणेदोन महिने लागतात. वेळाससारख्या गावांनी ही घरटी राखण्यासाठी वर्षानुवर्षं पहाटेच्या फेऱ्या घातल्या आहेत. वरून गेलेल्या गाडीचा टायर वाळू दाबून घट्ट करतो आणि घरटं तिथेच संपतं. चार सेकंदांच्या व्हिडिओसाठी हे करू नका. गाडी रस्त्यावर लावा, चप्पल हातात घ्या आणि चाला.

तिसरी गोष्ट घाट. कोकणात उतरायला वाटा पुष्कळ आहेत: ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा, करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली. सहलीसाठी दोन निवडा, एक उतरायला आणि एक चढायला, आणि दोन्ही दिवसाउजेडी करा. पावसाळ्यात दरड कोसळते, रस्ता खचतो आणि वरंध्यासारखा घाट प्रशासन बंदही ठेवतं. तेव्हा निघायच्या दिवशी चौकशी कराच. अरुंद चढणीवर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा कायद्याचा नियम आहे, उपकार नाही. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. इंधन वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारा माणूस सगळ्या घराचा जीव टांगणीला लावतो. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे कर्मचारी सहलीसाठी महाबळेश्वरला निघाले होते. त्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली आणि एकच जण वाचला. ती माणसं परकी नव्हती, त्याच मुलखात राहणारी होती. घाटाची भीती वाटलीच पाहिजे.

मग बेत कसा आखायचा? एक नमुना देतो. कऱ्हाडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्लीने चिपळूणला उतरा. वाटेत कोयनेचं धरण लागतं. वीज तयार करून झाल्यावर कोयनेचं पाणी पश्चिमेला, खाली वाशिष्ठीत सोडलं जातं. म्हणजे सकाळी घाटमाथ्यावर पाहिलेलं पाणी तुमच्यासोबत सह्याद्री उतरतं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला जातं. पर्वत आणि समुद्र इथे कसे जोडलेले आहेत, ते मुलांना गाडीतून दाखवता येईल असा याहून चांगला धडा मला माहीत नाही. पुढे गुहागरला दोन रात्री राहा. वेळणेश्वर आणि हेदवी तिथून आरामात होतात. तिसऱ्या दिवशी तवसाळहून फेरीबोटीने जयगड, मग केशवसुतांचं मालगुंड, गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या चढावरून दिसणारा समुद्र. मुक्काम रत्नागिरी.

रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहा, ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजाने अखेरचे दिवस तिथे काढले. वेळ राहिला तर एखाद्या सड्यावर जा. जांभ्याच्या उघड्या कातळावर कोरलेले हत्ती, मासे, माणसं तिथे आहेत. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ती बघा, पण त्यांच्यावर उभे राहू नका. चौथ्या दिवशी आंबा घाट चढून मलकापूरमार्गे कोल्हापूर. एक खाडी, दोन घाट, दोन मुक्काम. यापेक्षा जास्त कोंबाल तर हातात फक्त टोलच्या पावत्या उरतील.

आता गावात शिरण्याविषयी. गुहागर, आंजर्ले, केळशी या गावांतले रस्ते नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जातात. दोन्ही बाजूंना जांभ्याचा गडगा आणि मधे एका गाडीपुरती जागा. समोरून एसटी आली की हॉर्न वाजवून काही होत नाही. कोणीतरी मागे जायचं असतं, आणि ते तुम्ही. त्या एसटीत तालुक्याच्या दवाखान्यातून परतणारी आजी बसलेली असते, कॉलेजची पोरं असतात. त्यांची ती रोजची गाडी आहे, तुमची सुट्टी आहे. काच खाली करा, हाताने खूण करा आणि मागे घ्या.

जेवणाचंही तसंच. किनाऱ्यावरच्या घरगुती खानावळीत जेवण ‘तयार’ नसतं, ते तुमच्यासाठी होतं. बाजारात मासळी काय आली, किती माणसं, शाकाहारी किती, हे ठरल्यावर नारळ खवला जातो, वाटण वाटलं जातं, सोलकढीची कोकमं भिजत पडतात. दुपारी तीनला अचानक दहाजण दारात उभे राहून ‘काय आहे?’ म्हणून विचारणं हा त्या घराचा अपमान आहे. सकाळी नऊला फोन करा. आणि १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत ताज्या सुरमईसाठी हट्ट धरू नका. फणसाची भाजी आणि कुळथाचं पिठलं मागून खा, पावसात त्याहून चांगलं काही नाही.

लोक म्हणतात, एवढं सगळं ठरवलं तर सहलीची मजा काय? उलट आहे. वेळा ठरलेल्या असल्या की मधला सगळा वेळ तुमचा असतो. फेरी चारची आहे हे माहीत असलेला माणूस तीनला धक्क्यावर पोचतो, चहा घेतो, जाळी विणणाऱ्याशी बोलतो. फेरी कधीची हे माहीत नसलेला माणूस दिवसभर ओव्हरटेक करत राहतो.

तेव्हा प्रत्येक मुक्कामासमोर तीन गोष्टी लिहा: भरतीची वेळ, शेवटच्या फेरीची वेळ आणि जेवण सांगितलेल्या घराचा फोन नंबर. ज्या मुक्कामासमोर या तिन्ही लिहिता येत नाहीत तो खोडून टाका. कोकण पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे. उरलेलं तेव्हा पाहा.