बिनरिचार्जची छत्री

गणपती तोंडावर आले की आमच्या वाडीतल्या बंद घरांची कुलपं एकेक करून उघडायला लागतात. गडग्यापलीकडचं डोंबिवलीकरांचं घरही उघडलं. खळ्यातलं गवत काढायला माणूस लावून वहिनी थेट गडग्याशी आल्या. चहा झाला का वगैरे काही नाही, पहिलं वाक्य टीव्हीचं.

"अहो ताई, टीव्हीवर नुसता निळा पडदा! मे महिन्यात वर्षाचा रिचार्ज भरला असता तर स्वस्त पडलं असतं म्हणून हे चिडलेत. तीन महिन्यांचाच भरला, तो संपला."

"मेमध्ये भरलात आणि जूनच्या आधीच परत गेलात. मग बघत कोण होतं? घुशी?"

"तेच तर! आता पुन्हा भरला, तरी चित्र नाही. हेल्पलाइनवाली म्हणते, बॉक्स चालू ठेवून थांबा, हेवी रिफ्रेश पाठवते. सकाळपासून थांबलोय."

यांचं घर वर्षातून उघडतं गणपतीला, शिमग्याला आणि आंब्याच्या दिवसांत. बाकी वेळ कुलूप. अशा घराला महिन्याच्या हिशोबाचा टीव्ही घ्यायचा म्हणजे बंद घराला दुधाचा रतीब लावण्यातला प्रकार. पण डोंबिवलीच्या माणसाला हे गावातल्या माणसानं सांगितलेलं पटत नाही. म्हणून मी जरा लांबून सुरुवात केली.

"खालच्या वाडीत पाहिलंत का? निम्म्या घरांवर फ्री डिश आहे. छत्री, बॉक्स, वायर आणि लावणावळ मिळून दीड-दोन हजार एकदाच द्यायचे. मग रिचार्ज नाही, करार नाही, कोणाचा फोन नाही. कुलूप लावून गेलात तरी पैसे चालू राहत नाहीत."

"ती सरकारी ना? त्यावर काय असणार? खतं नि फवारणी!"

"खतं-फवारणीला नावं ठेवू नका, 'आमची माती आमची माणसं' बघून माझ्या सासऱ्यांनी बाग उभी केली. आणि ती सरकारीच आहे, प्रसार भारतीची. 2004 च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस नावानं सुरू झाली तेव्हा 33 वाहिन्या होत्या. आता कितीतरी जास्त आहेत. सह्याद्री आहे, बातम्या आहेत, सिनेमे आहेत, देवाधर्माचं आहे. देशात चार कोटींच्या वर घरं ती बघतात, सगळी काही फवारणी बघत नसणार."

वहिनींनी पदर खोचला. म्हणजे आता उलटतपासणी.

"मग यांचं भागतं कसं? फुकट कोण दाखवेल?"

"आपण देत नाही, वाहिन्या देतात. खाजगी वाहिनीला तिथं जागा हवी असेल तर लिलावात बोली लावावी लागते. जागा मिळते ती एप्रिल ते मार्च, वर्षापुरती. एवढ्या घरांत पोचलं की जाहिराती मिळतात, त्यातून ते वसूल करतात. पण खोट तिथंच आहे. यंदा दिसते ती वाहिनी पुढच्या एप्रिलला असेलच असं नाही. 2019 मध्ये स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल आणि रिश्ते अशा चारही गेल्या. पुढच्या वर्षी परत आल्या खऱ्या, पण तोवर खालच्या वाडीतल्या बायका दुकानदाराला शिव्या घालत होत्या. त्याचा काय दोष? वाहिन्या बदलल्या की बॉक्सला पुन्हा स्कॅन मारायचा, एवढंच आपल्या हातात."

"आणि झी मराठी? स्टार प्रवाह?"

"त्या नाहीत. त्या पैशाच्या वाहिन्या."

इथं वहिनींचा चेहरा पडला. मी समजू शकते. आमच्या घरात खाजगी डीटीएच आहे ते याच एका कारणासाठी. संध्याकाळच्या मालिकेत कोणाचं लग्न मोडलं हे कळल्याशिवाय सासूबाईंना जेवण जात नाही. दर महिन्याला मी निमूट रिचार्ज भरते. त्यातसुद्धा नुसता जोडणीचा आकारच केवढा! 2019 च्या नियमात तो जास्तीत जास्त 130 रुपये होता, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकही पैशाची वाहिनी न घेता 153 रुपये 40 पैसे. 2024 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं ती मर्यादाही काढून टाकली. वाहिन्यांचे पैसे त्याच्यावर. आणि कंपनी बदलायची म्हटली तर जुना बॉक्स माळ्यावर, कारण एकीचा बॉक्स दुसरीला चालत नाही. कागदावर सही नसली तरी माणूस अडकतो तो असा.

पडवीतून वहिनींच्या यजमानांचा आवाज आला, "क्रिकेट दिसतं का विचार!"

"दिसतं हो भावजी! भारताचे वनडे आणि टी-ट्वेंटी दूरदर्शनला द्यावेच लागतात, 2007 चा कायदाच आहे तसा. उलट गंमत अशी की 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, तसा मिळालेला सामना दूरदर्शननं आपल्या अँटेनावर आणि फ्री डिशवरच दाखवायचा, खाजगी केबल आणि डीटीएचवर नाही. म्हणजे पैसे भरणारे आम्ही कोरडे, आणि खालच्या वाडीत फटाके. आयपीएलला मात्र हा कायदा लागू नाही, ते आधीच सांगते."

यजमान खळ्यात आले. क्रिकेटनं निम्मं काम केलं होतं.

"बाजारात गेलात तर बॉक्स एमपेग-फोरचा मागा," मी म्हटलं. "दुकानात जुने एमपेग-टू पडून असतात. दोन-तीनशे स्वस्त म्हणून गळ्यात मारतील आणि मग बऱ्याच वाहिन्या दिसणारच नाहीत. छत्रीही जरा मोठी घ्या, आपल्याकडचा पाऊस बघता."

"पावसात चित्र जातं ना?"

"धो-धो कोसळला की जातं, ओसरला की येतं. ते तुमच्या महागड्या डीटीएचचंही जातं, आमचंही जातं. ढग पैसे बघत नाहीत. वांदरांचंही तसंच. छत्रीवर बसून त्यांनी ती जराशी फिरवली की संपलं. खांब भिंतीला घट्ट ठोकून घ्या."

यजमानांनी छपराकडे पाहिलं. "तोंड कुठं करायचं?"

"आग्नेयेला, आणि चांगलं वर. उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे, आपल्यापासून छत्तीस हजार किलोमीटर. मधे झाड आलं की झालं."

मी बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांच्या आग्नेयेला गडग्याला लागून उभा आहे तो आमचा फणस. त्याच्या त्या आडव्या फांदीवरून आमच्यात दर मे महिन्यात शब्दाला शब्द होतो, कारण फांदी आमची आणि फणस पडतात ते त्यांच्या खळ्यात. वहिनींनी एकदा फांदीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"म्हणजे फांदी तोडावी लागणार तर," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या.

"काही नको! पश्चिमेकडच्या पडवीच्या कोपऱ्यावर चढवा छत्री, तिथून आभाळ मोकळं आहे. वायर चार मीटर जास्त लागेल, ती मी देते."

तेवढ्यात घरातून निळ्या पडद्याचा टीव्ही बोलायला लागला. हेवी रिफ्रेश पोचला होता. वहिनी आत धावल्या, यजमान गडग्याशीच राहिले. हळूच म्हणाले, "हिला मालिका लागते फक्त डोंबिवलीत. इथं आली की दिवसभर माणसांशीच बोलत असते."

मग प्रश्नच मिटला. घरात मालिका बघणारं माणूस बारा महिने असेल तर रिचार्ज भरा आणि कुरकुरू नका. घर कुलपात राहत असेल, बातम्या-सिनेमा-क्रिकेटवर भागत असेल, तर फ्री डिश घ्या. डोंबिवलीकरांचा आताचा रिचार्ज संपला की पुन्हा भरायचा नाही, असं गडग्यावर ठरलं. फणसाला मात्र कोणी हात लावायचा नाही.