हप्ता काय, भाडेकरूच भरतो!

डोंबिवलीत दुसरा फ्लॅट घेऊन भाड्याने द्यायचं ठरलं की सर्वप्रथम कॅल्क्युलेटर माळ्यावर टाकावा. कर्जाचा आकडा बँकेलाच ठरवू द्यावा. बँक तुमचा पगार बघते. भाडं किती येईल याची काळजी तिने करायची नसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांचं कर्ज घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत देता येतं. ‘देता येतं’ म्हणजे ‘घ्यायलाच हवं’, असं समजावं. कर्ज मंजूर झालं की कागदपत्रंही चोख असणार, हेही समजावं. 2024च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने डोंबिवली परिसरातल्या ज्या 65 बेकायदा इमारती पाडायला सांगितल्या, तिथल्या कित्येकांनी असंच समजून घर घेतलं होतं.

समजा, फ्लॅट 50 लाखांचा. कर्ज 40 लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता सुमारे 34,700. भाडं 15,000 धरू. खिशातून जाणाऱ्या 19,700 रुपयांना ‘सक्तीची बचत’ म्हणावं, झोप बरी लागते. मुद्रांक शुल्क नि नोंदणी बँक कर्जात धरत नाही. त्यासाठी बायकोच्या पाटल्या आहेतच. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर घेतलात तर हाच खेळ मोठ्या आकड्यांत खेळता येतो.

घरात कुणी शंका काढलीच तर ‘मेट्रो येतेय’ म्हणावं. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन 2018च्या डिसेंबरात झालं. हप्ता मात्र मेट्रोची वाट पाहत नाही. मग ‘टॅक्स वाचतो’ म्हणावं. जुन्या करपद्धतीत भाड्याच्या घराचा तोटा वर्षाला 2 लाखांपर्यंतच पगारातून वजा होतो आणि नव्या पद्धतीत तेवढाही नाही, हे बोलू नये. सगळं संपलं की साडूचा दाखला द्यावा. साडूने गेल्याच वर्षी घेतला.

काही खडूस माणसं मात्र उलटीकडून मोजतात. 15,000 भाड्यातून मेंटेनन्स, भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटीचा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, मालमत्ता कर, एजंटचं एक महिन्याचं भाडं आणि अकरा महिन्यांचा करार संपल्यावर रिकामा जाणारा महिना, असे मिळून दरमहा 4,000 वजा करतात. उरले 11,000. लाखाला 868 रुपये हप्ता पडतो, म्हणजे भाड्याला झेपणारं कर्ज साडेबारा लाख. बिल्डरच्या ऑफिसात अशा माणसाला दुसरा चहा मिळत नाही.

उरलेले साडेसदतीस लाख खिशात असतील तर खुशाल घ्या. नसतील तर हाही फ्लॅट साडूलाच घेऊ द्या.