बूट साडेआठ हजारांचे, धाव नाक्यापर्यंत

डॉक्टर म्हणाले, रोज चाला. डॉक्टरांनी असं सांगितलं की मध्यमवर्गीय माणूस चालायला लागत नाही, आधी मॉलमध्ये जातो. मीही गेलो. दुकानातल्या पोराने माझं पाऊल एका काचेवर ठेवलं, पडद्यावर लाल-पिवळे डाग उमटले, आणि त्याने गंभीर चेहऱ्याने निदान केलं, ‘‘सर, तुमचा आर्च फ्लॅट आहे.’’ पन्नास वर्षं मी त्याच पायांवर उभा होतो, कुणी काही बोललं नव्हतं. घरातून अंबरनाथ स्टेशनपर्यंतही आपण रिक्षानेच जातो, हे त्याला सांगायचं धाडस झालं नाही. साडेआठ हजार मोजले आणि बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मोरिवलीच्या एमआयडीसीत. रस्त्याकडेला टँकर झोपलेले, रात्रपाळी संपायची होती, हवेत कारखान्यांचा तो ओळखीचा वास. आणि त्या रस्त्यावर दहा-बारा पोरं-पोरी सुसाट धावत होती. पोलीस भरतीची पोरं. एका कंपनीच्या गेटपाशी पांढऱ्या रंगाची रेघ, दुसरी रेघ पुढच्या डीपीजवळ, मधलं अंतर चारशे मीटर, टेपने मोजलेलं. चार वेळा कापलं की सोळाशे. मुलांना सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारलं तरच वीसपैकी वीस. त्यावर एक सेकंद गेला की थेट अठरा. ज्यांचं पोट सेकंदांवर आहे, त्यांच्या पायांत नऊशे-हजारचे बूट. ज्याला वेळच वेळ आहे, त्याच्या पायांत साडेआठ हजारांचे.

‘‘काका, बूट एक नंबर! केवढ्याला पडले?’’ एकाने धापा टाकत विचारलं. मी निम्मी किंमत सांगितली. तरी तो शिट्टी वाजवून पळाला.

स्वस्त बूट कशाला म्हणायचं याची व्याख्या आता सरकारनेच करून ठेवली आहे. सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडीवर पाच टक्के जीएसटी, त्यापुढे अठरा. त्याआधी ही रेघ हजारावर होती आणि हजाराच्या आतल्या जोडीलाही बारा टक्के लागायचे. म्हणजे माझ्या बुटांतले जवळपास तेराशे रुपये सरकारच्या तिजोरीकडे धावत गेले. त्या बुटांची आजवरची सर्वांत लांब धाव तीच.

त्यातल्या एका पोराला नवे बूट घ्यायचे होते म्हणून मी सोबत गेलो. खरं तर शिकायलाच गेलो. त्याने आधी वेळ ठरवली: संध्याकाळ. दिवसभर उभं राहून पाय थोडे फुगतात, सकाळी नीट बसलेला बूट संध्याकाळी चावतो. घरून धावण्याचे मोजे नेले होते. दुकानदाराने नंबर विचारला तर म्हणाला, ‘‘नंबर राहू द्या, बूट द्या.’’ उभा राहून अंगठ्यापुढे बोटभर जागा आहे का बघितलं; नाही तर पळताना नख काळं होतं. मग बूट हातात घेऊन वाकवला. चवडा जिथे मुडपतो तिथे वाकला तर ठीक, मधोमध घडी पडली तर परत. टाचेमागची वाटी अंगठ्याने दाबून पाहिली, दबली तर तो जोड बाजूला. शेवटी दुकानाबाहेर वीस पावलं पळाला. टाच आतून उचलली जात नव्हती. पैसे दिले, हजाराच्या आत. सेगा होते. भरतीवाल्या पोरांत हे नाव असं घेतात, जसं आमच्या पिढीत बाटाचं घ्यायचे. आर्च, फोम, प्लेट, एक शब्द नाही.

रस्त्यावरच्या शर्यतीत सोल 40 मिलिमीटरपेक्षा जाड नको, असा जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेचा नियम आहे. माझ्यासारख्याने कितीही जाड घातला तरी चालतो. शर्यतच नाही म्हटल्यावर नियम कसला?

उल्हासनगर हाकेवर असल्याने तिथेही एकदा हौस केली होती. साडेचारशेला जगप्रसिद्ध कंपनीचा बूट, नावात फक्त एक अक्षर इकडचं तिकडे. तीन आठवड्यांत सोलने काडीमोड घेतला. चूक माझीच. टोचत नाही ना, एवढंच पाहिलं. चिकटवलंय कशाने, ते पाहिलं नाही.

आता कुणी म्हणेल, बूट लागतातच कशाला? बारामतीच्या लता करे नऊवारीत अनवाणी धावून जिंकल्या, 1960 साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये अबेबे बिकिलाने अनवाणी मॅरेथॉन मारली. खरं आहे. फक्त ही उदाहरणं देणाऱ्यांच्या पायांकडे बघा. तिथे हमखास भारीतले बूट असतात. लताबाई नवऱ्याच्या औषधपाण्याच्या पैशांसाठी धावल्या होत्या, बुटांवरचं मत सांगायला नव्हे. आणि मोरिवलीच्या रस्त्यावर खडी, काचा आणि पत्र्याचे तुकडे असतात. हजाराचा बूट हवाच. त्याहून आधी मैदान हवं, पण ते दुकानात मिळत नाही.

परवा सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो. 1060 सालचं देऊळ. बाहेर काढलेले किती जोडे त्याने पाहिले असतील! भरतीची पोरं बूट भिरकावून आत गेली, पाया पडून बाहेर आली, लेस बांधून पळालीसुद्धा. मी बाहेरच उभा. आत गेलो आणि साडेआठ हजार कुणी उचलले तर? महादेवाला लांबूनच हात जोडले.

हल्ली मी जुन्या सँडलवर चालतो. रोज चार किलोमीटर होतात. बूट कपाटावर आहेत, खोक्यासकट. नंबर आठ. कुणाला हवे असतील तर सांगा, अडीच हजारांच्या आत देईन.