तीन नंबरची खिडकी

31 वर्षं मी एका कॉलेजच्या तीन नंबरच्या खिडकीत बसलो. खिडकी म्हणजे काचेला पाडलेलं अर्धगोल भोक. ते इतकं खाली होतं की बाहेरच्याला कमरेत वाकल्याशिवाय बोलताच यायचं नाही. आतल्याला याचं काही वाटत नाही. आतल्याला फक्त समोर आलेली डोकी दिसतात.

निवृत्तीनंतर माझा दिवस पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढण्यात जात होता. अशात एका शनिवारी भाची लॅपटॉप घेऊन दारात उभी राहिली.

"मामा, मला एका सेमिस्टरसाठी इटलीला जायचंय. बोलोन्याला. एक्स्चेंजवर. तू कागदपत्रांतला माणूस, तू माझ्याजवळ बस."

एक्स्चेंज म्हटल्यावर मला आधी जुन्या साड्यांवर स्टीलची पातेली देणारी बोहारीण आठवली. ही इकडून द्यायची आणि तिकडची एक घ्यायची, असं काही आहे का, हे मी विचारून घेतलं. तसं नव्हतं. फी इथेच भरायची, शिकायचं तिथे, आणि तिथले क्रेडिट इथे धरून घ्यायचे. "धरून घ्यायचे" हे ती सहज बोलून गेली. मी मात्र चष्मा पुसला.

पहिली अडचण नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तिचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. इटलीच्या फॉर्ममध्ये चौकटी दोनच. दाजी मधल्या मधे गळाले. ताई चिडली नाही, कारण तीही गळाली होती.

मग आलं मोटिव्हेशन लेटर. तुम्हाला आमच्याकडेच का यायचंय, ते सांगा. मी भाचीला म्हटलं, आधी मला खरं कारण सांग. ती म्हणाली, "आई दर दोन तासांनी फोन करणार नाही अशा ठिकाणी राहायचंय." घड्याळातल्या साडेतीन-साडेचार तासांच्या फरकाने ताई थांबेल, हा तिचा भ्रम मी मोडला नाही. पत्रात अर्थात आंतरसांस्कृतिक संवाद वगैरे गेलं. शिफारसपत्राची वेगळीच तऱ्हा. सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." म्हणजे पोरीने एकाच संध्याकाळी आपली स्तुती दोनदा केली, एकदा "मी" म्हणून आणि एकदा "ही विद्यार्थिनी" म्हणून. दुसऱ्या पत्रात तिने स्वतःला मितभाषी म्हटलं, तेव्हा मी हरकत नोंदवली.

बोलोन्याचं विद्यापीठ 1088 सालचं मानतात, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही दोनशे वर्षं आधीचं. मध्ययुगात तिथे विद्यार्थीच प्राध्यापकांना नेमायचे आणि मास्तर उशिरा आला तर त्याला दंड करायचे. तो दंड भरून घेणाऱ्या कारकुनाचा मला मनापासून हेवा वाटला. तिथे आजही परीक्षा 30 गुणांची, 18 ला पास. पुष्कळदा तोंडी. आणि मिळालेले गुण पटले नाहीत तर विद्यार्थी ते नाकारून पुन्हा परीक्षेला बसू शकतो म्हणे! आमच्याकडे पस्तीस पडले तरी पेढे वाटायची पोरं. "हे मार्क मला नकोत" म्हणणारा कोणी खिडकीशी आला असता, तर मी त्याला आत बोलावून खुर्ची दिली असती.

पण मी खरा अडकलो तो लर्निंग अ‍ॅग्रीमेंट नावाच्या कागदापाशी. तिथे कोणते विषय घेणार, त्यांचे क्रेडिट किती (तिकडे सेमिस्टरला 30 धरतात), इथल्या कोणत्या विषयांऐवजी ते मोजणार, हे सगळं आधीच लिहायचं आणि खाली तीन सह्या: विद्यार्थ्याची, पाठवणाऱ्यांची, घेणाऱ्यांची. परत आल्यावरचं भांडण जाण्याआधीच मिटवून ठेवणारा कागद मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. हे डोकं खिडकीच्या बाहेरच्या माणसाचं, हे मला तिथेच कळलं. भाचीला विचारलं, तर तिला त्यामागची गोष्ट ठाऊक होती.

रोमची सोफिया कोराडी नावाची मुलगी 1957 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली आणि कायद्याची पदव्युत्तर पदवी घेऊन परतली. रोममधली पदवी पुरी करताना त्या अभ्यासाची दखल घ्या, म्हणून ती विद्यापीठात गेली, तर तिथल्या अधिकाऱ्याने चारचौघांत तिला झापलं. अमेरिकेत भटकण्यापेक्षा अभ्यास करायचा होता, अशा सुरात. तिच्या ते जिव्हारी लागलं. 1969 मध्ये तिने अशा अभ्यासाला मान्यता मिळावी म्हणून प्रस्ताव मांडला, आणि मग ती त्याचा पाठपुरावाच करत राहिली. 1987 मध्ये युरोपातल्या विद्यार्थ्यांना एकमेकांच्या देशांत शिकायला पाठवणारी इरॅस्मस योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी 11 देशांतले 3,244 विद्यार्थी गेले. प्रस्तावापासून योजनेपर्यंत 18 वर्षं! आमच्या कार्यालयात एवढ्या वेळात फाइलची दोरी बदलतात.

भाची हसत होती. मी नाही हसलो.

2003 च्या सुमारास एक मुलगा माझ्या खिडकीशी आला होता. जर्मनीत सहा महिने शिकून आलेला, हातात तिथली गुणपत्रिका. गुणांच्या रकान्यात 1.3, 1.7 असले आकडे. मी भोकातून मोठ्याने म्हणालो, "अरे, विमानाचं तिकीट काढून दीड मार्क आणलेस?" रांग हसली. मग मी त्याला परिपत्रक आणायला सांगितलं. असं परिपत्रक नव्हतंच, आणि ते नाही हे मला माहीत होतं. तो चार वेळा आला. पाचव्यांदा आला नाही.

"जर्मनीत 1 म्हणजे सगळ्यात वरचे मार्क असतात, मामा," भाची म्हणाली. "4 च्या पुढे नापास."

म्हणजे तो पहिला येऊन आला होता.

शुक्रवारी लर्निंग अ‍ॅग्रीमेंट घेऊन आम्ही तिच्या कॉलेजात गेलो. तिचं कॉलेज म्हणजे माझंच. प्राचार्यांची सही झाली होती, राहिला होता गोल शिक्का. रात्री अर्जाची मुदत संपत होती. तीन नंबरच्या खिडकीत नवा मुलगा बसलेला. वर न बघता म्हणाला, "शिक्का साहेबांकडे असतो. साहेब जेवायला गेलेत. सोमवारी या."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो, गुडघ्यावर हात ठेवला आणि त्या भोकाशी तोंड नेण्यासाठी कमरेत वाकलो. बरंच वाकावं लागलं. मग त्याला सांगितलं, "बाळा, शिक्का डावीकडच्या खालच्या खणात आहे. किल्ली कॅलेंडरच्या मागे."