इंजिनला हात नाही

सेकंडहँड गाडी बघायला जाताना ज्याला सोबत न्यावंच लागतं, तो माणूस तुमच्याही सोसायटीत आहे. गाडीचा फोटो दाखवायचा अवकाश, त्याने रविवार सकाळ मोकळी केलेली असते. तिथे पोचल्यावर तो टायरकडे बघत नाही, कागद मागत नाही. पत्र्यावर टिचकी मारतो तीही रीत म्हणून. त्याचा सगळा जीव बॉनेटखाली. बॉनेट उघडलं की तो डिपस्टिक उपसतो, स्वतःच्या रुमालाने पुसतो, परत खुपसतो, परत उपसतो, टोकावरचं ऑइल अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळतो, बोटं नाकाशी नेतो आणि डोळे मिटतो. विकणारा श्वास रोखून उभा, घेणारा त्याहून जास्त. मग निकाल लागतो : ‘इंजिनला हात नाही. मख्खन आहे.’ लग्नाच्या पंगतीत मठ्ठासुद्धा हा गृहस्थ आधी दोन बोटांत चोळतो, अशी वदंता आहे. पुढे पाच-सहा महिन्यांत कुठल्याशा घाटात तेच मख्खन सीज होतं, टोचन लावून गाडी खाली येते, आणि घरोघरी त्याचा उद्धार सुरू होतो. हा उद्धार अन्यायाचा आहे, असं माझं म्हणणं आहे. त्याला इंजिनातलं फार कळतं असा माझा दावा नाही. किती कमी कळतं ते आता बघूच.

ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात कूलंट मिसळल्याची शंका घ्यावी, म्हणजे हेड गॅस्केट उडालेली असू शकते. बोटांना कच लागली तर आत धातू झिजतोय. इथवर शास्त्र पारख्याच्या बाजूने आहे. पण डिझेल गाडीचं ऑइल काजळीने काही शे किलोमीटरांतच काळं पडतं. तो आजार नव्हे. उलट जुन्या डिझेल गाडीत लख्ख सोनेरी ऑइल दिसलं तर ते काल-परवा बदललंय एवढंच सिद्ध होतं, आणि आपला पारखी भाळतो तो नेमका त्याच सोनेरी रंगावर. मारुती, टाटा आणि फियाट अशा तिन्ही घरच्या गाड्यांत बसलेलं, आपल्या रांजणगावातही बनलेलं ते १.३ लिटरचं डिझेल इंजिन घ्या. लोक गमतीने त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे. त्याला टायमिंग चेन असते. चेन सैल पडली की थंड इंजिन चालू करताना पहिले काही सेकंद खडखडाट येतो. म्हणून मुरलेला विक्रेता गिऱ्हाईक यायच्या आत गाडी फिरवून गरम करून ठेवतो. ज्या इंजिनांना रबरी बेल्ट असतो त्यांची तऱ्हा आणखी वाईट. बेल्ट तुटला की बहुतेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, पण तुटायच्या आदल्या मिनिटापर्यंत ते इंजिन खरोखरच मख्खन असतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या पाण्यात हजारो गाड्या बुडाल्या. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. किंचित वाकलेल्या रॉडवर गाडी पुढे कित्येक महिने पळू शकते. हा वाक डिपस्टिकच्या कुठल्या खुणेवर वाचायचा? एवढं चोळून पारख्याला ऑइलची पातळी तेवढी नक्की कळते.

मग लोक त्याला नेतात तरी कशाला? जॉर्ज अकर्लॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी तो तीन नियतकालिकांनी साभार परत केला होता. पुढे २००१ साली त्याच कामासाठी अकर्लॉफला, आणखी दोघांच्या जोडीने, नोबेल मिळालं. मुद्दा साधा होता. गाडीत काय दडलंय ते विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला डागी धरूनच भाव करतो आणि चांगल्या गाडीचा मालक वैतागून बाजारातून निघून जातो. विश्वास नसलेल्या अशा जागी व्यवहार पुढे सरकायचा तर कुणीतरी छातीठोकपणे काहीतरी म्हणावं लागतं. ते म्हणण्याचं काम आपला पारखी करतो. गिऱ्हाईकाने रंग पसंत केलेला असतो, बायकोला फोटो गेलेला असतो, टोकनचे पैसे खिशात असतात. त्याला तपासणी नको असते, होकार हवा असतो. आणि उद्या घात झालाच तर बोट दाखवायला एक माणूस. दोन्ही गोष्टी एका चहात मिळतात.

यावर कुणी म्हणेल, हे भाबडेपण आता कशाला? पैसे मोजून मिस्त्री न्या, कॉम्प्रेशन तपासा, स्कॅनर लावा, जुन्या गाड्या विकणाऱ्या कंपन्या शेकडो मुद्द्यांची तपासणी करून देतात ती घ्या. बरोबर आहे, घ्यावीच. कॉम्प्रेशन गेज चोळलेल्या बोटांपेक्षा खरं बोलतो, याबद्दल वाद नाही. पण त्या छापील अहवालाच्या खालचा बारीक मजकूरही वाचावा. हमी अमुक महिन्यांची, तमुक भागांची, झीज वगळून. आणि इंजिन ज्याने मरतं ते बहुतेक झीजच असते. विम्याचीही तीच कथा. नेहमीच्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड बसत नाही, आणि जादा हप्ता भरून घेतलेलं इंजिनसंरक्षण साधारणपणे पाणी शिरल्याने किंवा ऑइल गळल्याने झालेल्या नुकसानीपुरतं असतं. विकणाऱ्याने फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या की तो मोकळा. दुसरा आक्षेप दलालीचा : पारखी विकणाऱ्याकडून काही घेत नसेल कशावरून? घेणारे आहेत, त्यांना दलाल म्हणतात आणि त्यांची बोटं स्वच्छ असतात. आपला माणूस स्वतःचा रुमाल खराब करून घेतो.

आणि नेमकं इथे, मनात नसताना, त्याच्याबद्दल बरं बोलावं लागतं. इंजिन उघडायच्या दिवशी गॅरेजच्या बाकड्यावर कोण असतं ते बघा. विकणारा फोन उचलत नाही, कंपनीचा माणूस तक्रार क्रमांक देतो, विमावाला दिलगीर असतो. पारखी मात्र रजा टाकून आलेला असतो. हेड उतरलं की तोच ते फेसिंगला लेथवर घेऊन जातो, ब्लॉक बोअरिंगला गेला की मशीनशॉपवाल्याच्या मागे लागतो, क्रँक ग्राइंड करायचा की बदलायचा यावर मिस्त्रीशी तासभर हुज्जत घालतो, पुण्यात असेल तर नाना पेठेत चार दुकानं पालथी घालून रिंग-पिस्टनचा भाव पाडून आणतो. ‘उघडल्यावर कळेल’ म्हणून पन्नास हजारांवर सुरू झालेलं काम टर्बो आणि इंजेक्टरांसकट लाखापलीकडे जायला निघतं, तेव्हा मिस्त्रीला अडवणारा तोच. जुने पार्ट मोजून पोत्यात भरून घ्यायचं भान मालकाला नसतं, त्याला असतं. झिजलेलं बेअरिंग उन्हात धरून बघताना त्याचा चेहरा पडलेला दिसतो. आपण चुकलो असं तो कधीच म्हणत नाही, ‘आधीच्याने गाडी वाईट वापरली’ एवढंच म्हणतो. या सगळ्या व्यवहारात ज्याची हमी बिघाडानंतर सुरू झाली असा तो एकटाच, आणि त्यासाठी त्याने कुठे सही केलेली नसते.

अर्थात त्याला देव्हाऱ्यात बसवायचंही कारण नाही. काम होऊन गाडी सुरू झाली की मालकाचं मन उडालेलं असतं आणि ती विकायला निघते. गिऱ्हाईक आणण्याची जबाबदारी पुन्हा पारख्यावरच. आता इंजिनला चांगला दोन्ही हातांनी हात लागलेला असतो, पण त्याच्या तत्त्वज्ञानाला त्याने तडा जात नाही. ‘इंजिन नुकतंच केलंय, पुढचं लाखभर किलोमीटर बघायला नको,’ असं तो त्याच खात्रीने सांगतो. समोरच्या गिऱ्हाईकानेही आपला पारखी आणलेला असतो. तो डिपस्टिक उपसतो, चोळतो, हुंगतो. आपला पारखी त्याच्याकडून ती हातात घेऊन आपल्यापुरतं पुन्हा हुंगतो. ऑइल उत्तम आहे यावर दोघांचं एकमत होतं. मग गाडीच्या मागे जाऊन ते दोघेच किंमत ठरवतात, आणि किती ठरली ते मालकांना येऊन सांगतात.